वाणातला रिमोट

कुणाच्याही घरी गेले तरी दादा सोफ्यावर बसत नसत. घरचे कितीही आग्रह करोत, ते टीव्हीखालच्या फळीला टेकून फरशीवर मांडी घालायचे. म्हणजे टीव्हीकडे पाठ आणि माणसांकडे तोंड. पाहुणा असा उलटा बसला की घरच्यांना काय करावं सुचत नाही. निम्मे जण त्यांच्या डोक्यावरून मालिका बघत राहायचे, निम्मे त्यांच्याकडे. दादा मात्र चहा बशीत ओतून सावकाश पीत सगळ्यांच्या जागा न्याहाळायचे. बाहेर येऊन गाडीत बसलं की पहिलं काम म्हणजे गणिताची चौकटीची वही उघडून त्या खोलीचा नकाशा काढणं. टीव्ही म्हणजे चौकोन, माणूस म्हणजे गोल आणि रिमोट म्हणजे फुली. गोलाशेजारी नाव नसायचं, नातं असायचं. आजी, सून, धाकटा. अशा अकरा वह्या त्यांच्या लोखंडी कपाटात होत्या आणि त्या कपाटाला कायम कुलूप असायचं.

आम्ही टीव्हीला जोडायचा एक स्वस्तातला डबा बनवत होतो. आम्ही म्हणजे दादा, त्यांच्या गाळ्यात बाकावर बसून जोडणी करणाऱ्या चौदा बायका, दोन इंजिनियर आणि मी. डबा जोडला की साध्या टीव्हीवर नेटवरचे सिनेमे नि मालिका दिसायच्या आणि सोबतच्या दोन जॉयस्टिकवर गेम खेळता यायचे. असे डबे बाजारात ढीगभर होते. मोठ्या कंपन्यांचे होते, चकचकीत होते, आणि त्यांच्या जाहिरातीत हेडफोन लावलेली तरुण पोरं अंधाऱ्या खोलीत ओरडत असायची. त्या गर्दीत पनवेलच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या गाळ्यातून निघालेला डबा कोण घेणार, हे ठरवायला मला ठेवलं होतं. पद मार्केटिंग हेड. हेडच्या हाताखाली कुणीच नव्हतं.

दादा मूळचे बेलपाड्याचे. त्यांच्या भाताच्या शेतावर आता खारघरचे टॉवर उभे आहेत आणि त्यातल्या एका टॉवरच्या सिक्युरिटीने त्यांना एकदा "कुठे जायचंय?" असं विचारलं होतं. हे ते हसत सांगायचे, पण दर महिन्याला एकदा सांगायचे. जमीन गेल्यावर त्यांनी केबलचा धंदा टाकला. बावीस वर्षं गच्चीवरून गच्चीवर वायरी ओढल्या. लोकांच्या घरात इतक्या वेळा पोस्टमनही गेला नसेल. मग आधी डिश आली, पाठोपाठ फायबर आलं, आणि एक दिवस त्यांच्याच वायरी कापून त्यांच्याच खांबांवरून दुसऱ्यांच्या वायरी गेल्या. दुसरा एखादा कपाळाला हात लावून बसला असता. ह्यांनी उरलेल्या वायरींची भेंडोळी भंगारात घातली आणि डबा बनवायला घेतला. वय तेव्हा छप्पन.

माझी मुलाखत अजून आठवते. अंधेरीतली नोकरी सोडून मी पनवेलला माहेरी परत आले होते आणि दादांना आपली हुशारी दाखवायला चाळीस स्लाइड घेऊन गेले होते. ग्राहक कोण, तर अठरा ते पंचवीस वयाचा मुलगा. त्याला काय आवडतं, तो कुठे फिरतो, मोबाइलवर काय बघतो, सगळं रंगीत तक्त्यांत मांडलं होतं. दादांनी चाळीसही स्लाइड मन लावून पाहिल्या. मग म्हणाले, "घेणारा कोण, ते सगलेच शोधतात, बाय. घराबाहेर काढणारा कोण, ते तू शोध."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी समजावलं. पोरगा हौसेने डबा आणतो. दुपारी गेम लावून बसतो. आईच्या मालिकेची वेळ होते, पोरगा म्हणतो दोन मिनिटं, त्या दोन मिनिटांची वीस होतात. असं चार दिवस चालतं. पाचव्या दिवशी डबा माळ्यावर जातो, आणि एकदा माळ्यावर गेलेला डबा पुन्हा खाली येत नाही. शेजारची बाई विचारते, तेव्हा आई सांगते, नका घेऊ हो, घरात भांडणं होतात. मोठ्या कंपन्यांच्या डब्यांचं हे असंच व्हायचं, आणि त्यांच्या लोकांना ते कळायचं नाही, कारण विकल्यानंतर डबा कुठे जातो हे बघायला त्यांच्यातला कुणी माळ्यावर चढत नव्हता.

म्हणून आमच्या रिमोटवर एक पिवळं बटण होतं. हळदीसारखं पिवळं, आणि बाकी सगळ्या बटणांहून मोठं. गेम कुठेही असो, ते दाबलं की पडद्यावर मालिका. पुन्हा दाबलं की गेम जिथे थांबला होता तिथूनच सुरू. षटक चालू असेल तर पुढचा चेंडू. पोराचं काही बुडायचं नाही, त्यामुळे त्याला भांडायला कारणच उरायचं नाही. ते जमवायला इंजिनियरांनी चार महिने डोकं फोडलं. त्यांना दादा एवढंच सांगायचे, "गेम मरला नाय पायजे. झोपला पायजे."

किमतीचाही त्यांचा एक सिद्धांत होता, तो मी नंतर कुठल्याच पुस्तकात वाचला नाही. घरात प्रत्येक वस्तूची एक पायरी असते, असं ते म्हणायचे. मिक्सरच्या किमतीखालची वस्तू माणूस घरी न विचारता आणतो. मिक्सरच्या वर गेलं की आधी घरात बैठक बसते, आणि बैठक बसली की वस्तू येत नाही. त्यामुळे आमच्या ऑफिसच्या भिंतीवर विक्रीचे तक्ते नव्हते, पनवेलच्या बाजारातल्या मिक्सरच्या जाहिरातीचं एक पान चिकटवलेलं होतं. मिक्सर महागला तरी डबा महागायचा नाही, मिक्सर स्वस्त झाला की मात्र दादांना झोप लागायची नाही. दुसऱ्या जॉयस्टिकचंही तसंच. सगळे एक देतात आणि दुसरी वेगळी विकतात. दादा म्हणायचे, पाटावर एकच ताट मांडून दोघांना जेवायला बोलवावं, तसं आहे हे. आमच्या डब्यात दोन असायच्याच.

आणि ती प्लास्टिकची पिशवी. मराठी घरात नवा रिमोट आला की त्याला आधी प्लास्टिकची पिशवी चढते, वर रबर बसतो, हे मलाही माहीत होतं. आमच्याही घरी तेच. पण ऑफिसात मी ते मान्य करायला तयार नव्हते. देखणा रिमोट बनवायचा आणि कंपनीनेच त्याला पिशवी घालून पाठवायचा? मी दोन दिवस दादांशी बोलले नाही. त्यांनी पिशवी घातलीच, तीही बेतून शिवलेली, बटणं नीट दाबता येतील अशी. पुढे लोकांनी सगळ्यात जास्त कौतुक कशाचं केलं असेल तर त्या पिशवीचं. मी तोंड मिटून ऐकून घ्यायचे.

डब्याला वरून भोकं नव्हती, ह्याचीही एक गोष्ट आहे. पहिले पन्नास डबे आम्ही ओळखीच्यांकडे वापरायला दिले आणि ते आठवड्याभरात तापून बंद पडायला लागले. इंजिनियरांनी सर्किट तपासलं, चार्जर तपासले. दादा घरोघर जाऊन उलटे बसून आले. डब्यावर प्रत्येक घरात विणलेला रुमाल होता आणि रुमालावर गणपती. इंजिनियर म्हणाले, बॉक्सवर सूचना छापू, वर काही ठेवू नये. दादा म्हणाले, सूचना तुमच्या आईला वाचून दाखवा. मग हवेची भोकं बाजूला गेली, डब्याचं डोकं सपाट झालं, आणि गणपती घसरू नये म्हणून वरती बारीकशी कड आली. ती कड बघून एका मोठ्या कंपनीच्या डिझायनरने मला विचारलं होतं, हे कुठल्या तत्त्वावर आहे? मी म्हटलं, रुमालाच्या.

ह्या सगळ्यात पैसा मुंबईच्या एका गृहस्थांनी घातला होता. आम्ही त्यांना पार्टनर म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. इस्त्रीचा शर्ट, पांढरे बूट, आणि प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'लुक'. दिवाळीला त्यांनी आम्हाला ठाण्यातल्या आपल्या घरी फराळाला बोलावलं. दोन फ्लॅट जोडून एक केलेलं घर होतं, त्यामुळे हॉल केवढा तरी मोठा, पण मधला खांब काढता न आल्याने तसाच उभा. तिथेही दादा फरशीवर बसले. पार्टनरच्या बायकोने घाईघाईने गालिचा आणून घातला. परतताना टोलनाक्याच्या रांगेत दादांनी वही उघडली, तेव्हा मी हळूच डोकावले. सोफ्यावर चार गोल होते आणि एक गोल एकटाच, खांबाच्या मागे, शेजारी नातंही न लिहिलेला. हे काय म्हणून मी विचारलं, तर त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "कामाला येल तवा सांगीन."

दिवाळीनंतर पार्टनरचा सूर बदलला. डबा दुकानांत खपत नव्हता. दुकानदार आमचा डबा काउंटरखाली ठेवायचे आणि मोठ्यांचे वर. त्यातच एका मोठ्या कंपनीने आमचं डिझाइन विकत मागितलं होतं. पार्टनरनी गाळ्यात येऊन स्पष्ट सांगितलं. गुढीपाडव्यापर्यंत बाकावरच्या बायकांना रोज पुरेल एवढी मागणी आली तर ठीक, नाहीतर त्या कंपनीच्या कागदांवर सही. ती कंपनी पिवळं बटण काढून तिथे स्वतःचं बटण लावणार होती आणि डबे दुसऱ्या राज्यात बनवणार होती. म्हणजे गाळा बंद, बाक बंद, आणि चौदा बायका घरी. बाकावरच्या बायकांनी हात न थांबवता सगळं ऐकलं. त्यातल्या नऊजणी आधी मिठागरात राबत नाहीतर कुणाच्या घरी धुणीभांडी करत होत्या, आणि आता त्यांच्या पोरांना आई कंपनीत आहे असं सांगता येत होतं.

मी तेव्हा पुण्यातल्या एका नोकरीचा अर्ज भरून ठेवला होता. हे दादांना मी कधी सांगितलं नाही, पण त्यांना माहीत असावं.

संक्रांत आठवड्यावर आली तेव्हा दादांनी आपली योजना सांगितली. हळदीकुंकवाला बायका वाण लुटतात. वाट्या, गाळणी, कंगवे. आपण रिमोट लुटायचा. डबा नाही, फक्त रिमोट, पिशवीसकट. पाठीमागे ऑफिसचा नंबर आणि एक ओळ, की डबा घरी येऊन लावून देऊ. मी म्हटलं, दादा, डब्याशिवाय रिमोट घेऊन कुणी काय करायचं? त्यावर त्यांचं म्हणणं असं, की रिमोट आला की घरात भांडण पोराचं राहत नाही. तो आईचा रिमोट होतो. तिला कुणीतरी मानाने, कुंकू लावून दिलेला. आता तिचा रिमोट आहे म्हटल्यावर डबा तिनेच मागायचा.

मी घरी येऊन हे सांगितलं तर माझी आई पोळी लाटता लाटता थांबली. "अगं, वाण कुणी वापरतं का?" एवढंच ती म्हणाली. मला ते टोचलं, पण दादांना सांगायचा धीर झाला नाही. ते इतक्या आनंदात होते की मी सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं.

दादांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, बेलपाड्यापासून शिरढोणपर्यंत गावागावांत हळदीकुंकू केलं. सहाशे रिमोट वाटले. बाकावरच्या बायका नऊवारी नेसून, गजरे माळून मदतीला. येईल त्या बाईला वाण मिळत होतं. कुंकू लावणारी असो, नसो, वहिनींनी त्यात फरक केला नाही. ते मला त्या दिवशी फार आवडलं आणि तसं मी त्यांना सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "बटण दाबाला कुंकू कशाला लागतं?"

मग आम्ही फोनपाशी बसलो. एक आठवडा गेला, दुसरा गेला. फोन आले ते दोन. एक चुकून लागला होता आणि दुसरा केबल बंद पडल्याची तक्रार करणारा, कारण गावात दादा अजूनही केबलवालेच होते. तिसऱ्या आठवड्यात मी स्कूटर काढली आणि घरोघर विचारत फिरले. पिवळ्या बटणाचा रिमोट कुठेय? बायका लाजायच्या, पदराशी चाळा करायच्या. मग हळूहळू खरं बाहेर यायचं. एकीने पेणला नणंदेकडे दिला होता. एकीने मुलीच्या सासरी, रोह्याच्या पुढे. एकीचं स्वतःचं हळदीकुंकू रथसप्तमीला होतं, तिने तोच पुढे लुटला. एक म्हातारी तर सरळ म्हणाली, "दादानं केबलचा जुना माल खपवला, असं आमाला वाटलं."

माझ्या आईचं म्हणणं खरं ठरलं होतं. वाण वापरायचं नसतं, पुढे द्यायचं असतं. संक्रांतीला हातात पडलेली वस्तू रथसप्तमीपर्यंत चार घरं फिरते. सहाशे रिमोटांपैकी पनवेलच्या आसपास साठसुद्धा उरले नसतील. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, इथे तर फुकट दिलेलंही टिकलं नव्हतं. मी संध्याकाळी गाळ्यावर येऊन हे सगळं दादांना सांगितलं आणि सांगता सांगता मला रडू आलं. राग त्यांचाच आला होता. एवढा माणसं ओळखणारा माणूस, आणि त्याला आपल्या गावच्या बायका वाणाचं काय करतात हे ठाऊक नसावं? पण पुरुष हळदीकुंकवाला दारापर्यंतच येतात. दादा टीव्हीसमोर उलटे बसले होते, देवघरासमोर कधी बसले नव्हते.

त्यांनी मला पाणी दिलं. मग बाकावरच्या बायकांना बोलावलं आणि एक कोरी वही काढली. कुठला रिमोट कुठे गेला ते मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. पेण, रोहा, नागोठणे, उरण, कर्जत, माणगाव. बायका भर घालायला लागल्या, अमकीची जाऊ तिथली, तमकीचं माहेर इथलं. दादा लिहीत होते. अर्ध्या तासाने त्यांनी ते पान माझ्यासमोर धरलं. ज्या गावांत आमचा एकही दुकानदार नव्हता, जिथे जाहिरात पोहोचवायला आमच्याकडे दमडी नव्हती, त्या गावांतल्या बैठकीच्या खोल्यांत आमचा रिमोट जाऊन बसला होता. मानाने गेला होता, आणि ओळखीच्या हातून.

"आपल्याला रस्ता माहीत नव्हता," ते म्हणाले. "त्यांना माहीत होता. आता गप ऱ्हा आनि फोन उचल."

पहिला फोन रथसप्तमीनंतर चौथ्या दिवशी आला. रोह्याच्या पलीकडचं गाव. बाईचा आवाज जरा तक्रारीचा होता. "ताई, रिमोट आलाय. डबा कुठंय?" मी गाव विचारलं, घर विचारलं, आणि वहीत लिहून घेतलं. तिथे दादांना कुणी केबलवाले म्हणून ओळखत नव्हतं. तिथल्या बाईला एवढंच दिसत होतं, की नीट पिशवी घातलेला एक नवा रिमोट आहे, त्यावर पिवळं बटण आहे, आणि ते दाबून काही होत नाही. असा रिमोट घरात पडून असला की बाईला चैन पडत नाही. दुसऱ्या दिवशी तीन फोन आले. आठवड्याने मला फोनपाशी एक मदतनीस लागली, ती मी बाकावरूनच घेतली.

डबे लावायलाही दादांनी बायकाच पाठवल्या. बाकावरच्या, स्वतःच्या हाताने डबा जोडलेल्या. टेम्पोत दोघीतिघी बसायच्या आणि दुपारी, घरातली पुरुषमाणसं कामावर असताना जायच्या. पुरुष माणूस आला असता तर दारात उभा राहिला असता. ह्या थेट आत जायच्या, पाणी प्यायच्या, पिवळं बटण घरच्या बाईच्या अंगठ्याखाली ठेवून दाबायला लावायच्या. निघताना शेजारणीचा पत्ता घेऊन यायच्या. पुढे मोठमोठ्या लोकांनी मला विचारलं, ही कल्पना कोणत्या सल्लागाराची? मी हसते. आता मी पुण्यात एका कॉलेजात मार्केटिंग शिकवते आणि पोरं चाळीस स्लाइड घेऊन आली की त्यांना सांगते, आधी एखाद्याच्या घरी जाऊन टीव्हीकडे पाठ करून बसा. पोरांना मी जरा चक्रम वाटते. वाटू दे.

पाडव्याला गाळ्यावर गुढी उभी होती. बायकांनी घरून श्रीखंड आणलं होतं. पार्टनर सकाळीच आले, हातात कागदांची पिशवी. मागणीचं पान त्यांनी नीट वाचलं. बाकावर रोज पुरेल एवढी होती, थोडी जास्तच. त्यांनी मान्य केलं. पण मग खुर्ची ओढून ते म्हणाले, लुक दादा, मोठ्या कंपनीने आकडा वाढवला आहे. तुम्ही जिंकलात, म्हणूनच वाढवला. आता सही केली तर सगळ्यांचंच भलं आहे. बटणाचं काय एवढं, ते एक बटण आहे.

बाकावरचे हात थांबले. सणाला कामाची गरज नव्हती, पण सवयीने त्या बाकावरच बसून काहीबाही जोडत होत्या.

दादा उठले, कपाटाचं कुलूप काढलं आणि नववी का दहावी वही घेऊन आले. एक पान उघडून त्यांनी पार्टनरच्या पुढे ठेवलं. मी लांबूनच ओळखलं. मोठा हॉल, सोफ्यावर चार गोल, मध्ये खांब आणि खांबामागे एक गोल.

"हे माझं घर आहे," पार्टनर म्हणाले.

"ह्यो गोल कोनाचा?"

पार्टनरनी पान जवळ घेतलं. "आईचा. ती तिथे बसते."

"तिथून टीवी दिसतो?"

पार्टनरनी खांबामागच्या गोलापासून टीव्हीच्या चौकोनापर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाले, "तिला टीव्हीची आवड नाही. ती स्वतःच म्हणते."

"माजी आई पन तेच बोलायची," दादा म्हणाले.

आणि मग चार वर्षांत कधी न सांगितलेली गोष्ट त्यांनी सांगितली. केबलचा धंदा जोरात होता तेव्हा सगळ्या गावाला त्यांनी टीव्ही दाखवला. घरी सगळ्यात मोठा टीव्ही. आई कायम स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायची आणि म्हणायची, मला नाही आवडत, तुम्ही बघा. ती गेल्यावर एकदा पानात मीठ कमी होतं म्हणून दादा ते आणायला उठले आणि परतताना सहज तिच्या उंबऱ्यावर टेकले. तिथून टीव्हीची फक्त कड दिसत होती. एवढी वर्षं ती त्या कडेकडे बघत बसली होती आणि घरात कुणी तिला पुढे ये म्हणालं नव्हतं. ती पहिली वही त्याच आठवड्यातली. हे सांगताना त्यांचा आवाज हलला नाही, माझे डोळे मात्र भरले आणि मी ते लपवले नाहीत.

"बटण एकच हाय, खरं हाय," ते शेवटी म्हणाले. "पन ते तिचं हाय. ते काढाचं असंल तर आदी घरी जाऊन तिला विचारा. ती हो बोलली तर मी इथंच सही करतो."

पार्टनरनी वही मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. कागदांची पिशवी तशीच बंद राहिली. जाताना त्यांनी एक डबा मागितला, आणि दादांनी तो मिक्सरखालच्या नेहमीच्या किमतीला, एक पैसाही न सोडता दिला. सही झाली नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. गाळ्यात आज तीन बाक आहेत, पार्टनर तेच आहेत, आणि पिवळं बटण आहे तिथेच आहे. मला त्या माणसाचा आणि त्या बाकांचा इतका अभिमान वाटतो की कुणी पनवेलचं नाव काढलं तरी मी ताठ बसते. पुण्याचा अर्ज मी तेव्हा फाडला होता. इथे आले ती पुढे फार वर्षांनी, आणि दादांना सांगून.

पाडव्यानंतर आठवड्याने ऑफिसचा फोन वाजला. म्हातारा, स्पष्ट, ठाण्याचा आवाज होता. आपण कुणाची आई ते त्यांनी सांगितलं. काही बिघाड झाला का, म्हणून मी विचारलं. त्या म्हणाल्या, "बिघाड काही नाही. तुमच्या त्या खाली बसणाऱ्या गृहस्थांना एक निरोप द्या. म्हणावं, मी खुर्ची पुढे ओढली आहे."

मी निरोप जसाच्या तसा सांगितला. दादांनी कपाट उघडून वही काढली आणि बाकावरच्या एकीकडे तिच्या पोराचं खोडरबर मागितलं. खांबामागचा गोल त्यांनी नीट पुसला, कण फुंकरीने उडवले, आणि टीव्हीच्या चौकोनासमोर, सगळ्या गोलांच्या पुढे एक नवीन गोल काढला. मग रिमोटची फुली पुसून ती त्या गोलाच्या शेजारी केली.